विंडो हलवायची न्हाय!

बातमी छापून झाली की दुसऱ्या दिवशी तिची रद्दी होते. किस्से छापता येत नाहीत, म्हणून ते साठत जातात. मी आयुष्यभर या जिल्ह्यात बातमीदारी केली. पुढाऱ्यांशी भांडलो, साहेबांच्या केबिनमधून बाहेर काढला गेलो, परत आत शिरलो. पण मित्र जमले की त्यातलं कुणी काही विचारत नाही. "नाना, ते तुमच्या कॉम्प्युटरचं सांगा ना!" एवढीच फर्माईश! संताप येतो. पण सांगतो.

आमच्या दैनिकाचं अलिबागचं कार्यालय म्हणजे आम्ही तिघं. मी बातमीदार. जोग सर उपसंपादक, म्हणजे निवृत्त शिक्षक; बातमीसुद्धा उत्तरपत्रिकेसारखी तपासतात. आणि पान लावणाऱ्या निर्मलाताई म्हात्रे, राहणार चौल. आवाज असा की त्या पहिल्या मजल्यावर बोलल्या की खालचा रिक्षावाला उत्तर देतो.

मालक दादासाहेब पनवेलच्या मुख्य कार्यालयात बसतात. फार वर्षांपूर्वी न्हावा शेवाच्या बाजूला एक कंपनी बंद पडली, तिच्या लिलावातून त्यांनी नकाशे काढायची मोठी वर्कस्टेशन्स उचलून आणली. चांगला मुहूर्त बघून! त्यांवर मराठी अक्षरं बसवून घेतली. आज सगळं जग काचेवर बोट फिरवतंय आणि आमचं पान अजून त्याच यंत्रांवर लागतंय.

यंत्राची स्मरणशक्ती उत्तम आहे. कळ दाबली की ते लगेच लक्षात ठेवतं. पण ते अक्षर विंडोत काढून दाखवायचं म्हटलं की त्याच्या हातात गोळे येतात. आधी अक्षर, मग त्याचा काना, मग वरची मात्रा, मग विश्रांती. मी 'जिल्हाधिकारी' टाईप करतो, खाली टपरीवर चहा सांगून येतो, तेव्हा कुठे 'जिल्हा' झालेला असतो. अधिकारी यायचे असतात. प्रत्यक्षातही तसंच असतं म्हणा!

यंदा पनवेलहून निरोप आला. अलिबागचं कार्यालय बंद करणार, आमचं पान तिकडेच लागणार. कारण? यंत्र हळू आहे! निर्मलाताईंना सांगितलं, काम हवं असेल तर पनवेलला या. चौलहून रोज पनवेल! घरी अंथरुणाला खिळलेली सासू. म्हणजे सरळ मराठीत, नोकरी सोडा. आणि ज्यांना चौल कुठे संपतं आणि रेवदंडा कुठे सुरू होतो हे ठाऊक नाही, ते आमच्या बातम्या लावणार!

त्या निरोपाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी यंत्राची ओळख करून घ्या.

* * *

या यंत्रांवर काम करायची एक रीत आम्ही शोधून काढली होती. विंडो जेवढी मोठी, तेवढी अक्षरं काढायची जास्त, तेवढा वेळ जास्त. मग विंडो लहान करा! आम्ही ती ओढून ओढून एका ओळीची केली. एकच ओळ दिसायची, पण ती झटपट. मजकूर वर सरकला की गेला, दिसायचा नाही. बातमी लिहायची ती अशी, दाराच्या फटीतून लग्न बघितल्यासारखी.

जोग सरांनी एका माजी सरपंचांच्या शोकसभेची बातमी अशा एका ओळीतून लिहिली. पहिल्या परिच्छेदात सरपंचांचं दुःखद निधन. दुसऱ्यात मान्यवरांची भाषणं. तिसऱ्यापर्यंत पहिल्यातलं दिसेनासं झालेलं. कुठल्याही सभेच्या बातमीचा शेवट जसा होतो तसा सरांच्या हातून सवयीने झाला. शेवटी सरपंचांनी सर्वांचे आभार मानले!

सकाळी सरपंचांचा मुलगा दारात उभा. मी भांडायच्या तयारीत बाह्या सरसावल्या. जोग सर टेबलामागे.

तो म्हणाला, "चार कात्रणं मिळतील का?"

"कशाला?" मी विचारलं.

"फ्रेम करायचीत. बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाचे आभार मानले नव्हते हो!"

* * *

आमचे एक नेते आहेत. त्यांच्या नावाआधी 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', 'गोरगरिबांचे कैवारी' अशी वरात चालते. मी आयुष्यभर या विशेषणांविरुद्ध लढलो. मालकांशी भांडलो, जाहिरातवाल्यांशी भांडलो. एकही शब्द हलला नाही!

एकदा हे नेते स्वतः कार्यालयात आले. आपली बातमी पानात कशी दिसते ते बघायचं होतं. निर्मलाताईंनी पान उघडलं. नेते खुर्ची ओढून समोर बसले. मागे कार्यकर्ते उभे.

स्क्रीनवर 'का' आला. मग 'र्य'. कार्यकर्ते माना लांब करून बघतायत. 'सम्राट' होईपर्यंत चहा आला. 'विकासपुरुष' येताना चहा संपला. 'गोरगरिबांचे'पाशी यंत्र थांबलं, जणू आठवतंय कोण ते.

नेत्यांना पुढे वडखळला एका उद्घाटनाला जायचं होतं. फोनवर फोन. तिकडे फीत ताणून धरलेली. आणि नाव काही येईना!

शेवटी ते ओरडले, "अहो बाई, ते सगळं काढून टाका! आधी नाव दिसू द्या!"

निर्मलाताई म्हणाल्या, "नक्की काढू? कैवारी पण?"

"पण!"

त्या दिवसापासून ते आमच्या पानात नुसत्या नावाने छापून येतात. जे मला जमलं नाही ते यंत्राने खुर्चीवर बसवून करून घेतलं!

* * *

यंत्राची दुसरी खोड म्हणजे माऊस. तुमच्याकडे ज्या विंडोवर क्लिक कराल तिच्यात अक्षरं जातात. आमच्याकडे क्लिक-बिक काही नाही. माऊसचा बाण ज्या विंडोवर असेल, टाईप केलेलं तिच्यात गेलं! त्यातून अक्षरं उशिरा दिसणार, म्हणजे चुकीच्या घरात गेलेली कळणारही उशिरा. म्हणून टाईप करताना कुणी टेबलाला धक्का लावला की निर्मलाताई पहिली हाक मारतात, "माऊस कुठं हाय?"

एकदा जोग सरांना शिंक आली. तेव्हा एका विंडोत हवामानाचा इशारा होता आणि शेजारच्या विंडोत रविवारची पाककृती. हाक मारायची राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही छापलं, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता आहे. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरावी.'

रेवदंड्याहून एका बोटवाल्या नाखव्याचा फोन आला. मी उचलला.

"पेपरवालं ना? बोटी वर घेतल्या हायेत सगल्या."

"छान केलंत," मी म्हणालो.

"त्या खोबऱ्याचा काय ता सांगा. बोटीवर घालाचा का पाण्यात?"

मी म्हणालो, "ते चुकून छापलंय हो!"

तो म्हणाला, "आता सांगता व्हय! पुजारी नारल घेऊन बंदरावर उबा हाय!"

* * *

पनवेलहून एकदा एक तंत्रज्ञ आला होता. यंत्र बघून त्याला अक्षरांची कीव आली. "कडा बघा कशा दातेरी आहेत! गुळगुळीत करून देतो."

निर्मलाताई म्हणाल्या, "दातेरी हायेत तर वाचायला चावतात का?"

त्याने ऐकलं नाही. काहीतरी बदललं, आणि खरोखर, 'अ' असा आला की लग्नपत्रिकेवर छापावा! जोग सरांचे डोळे भरून आले. आम्ही त्या 'अ'कडे बघत बसलो. बराच वेळ बघत बसलो, कारण पुढचं अक्षर येतच नव्हतं.

तंत्रज्ञ म्हणाला, "एकेका कडेला रंगाच्या छटा भराव्या लागतात ना. जरा वेळ लागणार."

मग त्याने बघायला म्हणून विंडो इकडून तिकडे ओढली. निर्मलाताई किंचाळल्या, "विंडो हलवायची न्हाय!" पण उशीर झाला होता. विंडो हलली की तिच्याखाली झाकलेलं सगळं यंत्राला नव्याने काढावं लागतं. ते पहिल्यापासून सुरू झालं. गुळगुळीत 'अ'पासून!

"नटवलीत चांगली," निर्मलाताई त्याला म्हणाल्या, "पण उंबरा कोण वलांडणार?"

त्या दिवशीचं पान निघालं ते सगळं पूर्वीसारखं दातेरी करून घेतल्यावर. तो 'अ' मात्र जोग सर अजून आठवतात.

* * *

आता माझा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी एक अग्रलेख लिहिला होता. असा की वाचून सगळ्या खात्यांना घाम फुटावा! सुरुवातच, 'आम्ही या प्रकाराचा तीव्र निषेध करतो.' मग खड्डे, मग बंदराच्या धक्क्यावरचा अंधार, मग पाणी, प्रत्येकाची साग्रसंगीत पूजा. शेवटचा शब्द मात्र पसंत पडेना. तो खोडायला मी डिलीटची कळ दाबली. काही झालं नाही. धरून ठेवली. काही नाही. संतापून अंगठा रोवून बसलो.

यंत्र लक्षात ठेवत होतं. प्रत्येक दाबणी!

मग ते सुरू झालं. शेवटचा शब्द गेला. त्याच्या आधीचा गेला. मी हात वर केले, तरी जातच राहिलं.

"थांबवा! थांबवा याला!" मी ओरडलो.

"सांगितलंत तेवढं करून मगच थांबेल," निर्मलाताई म्हणाल्या. "गुणाचा हाय तो."

पाणी गेलं. धक्क्यावरचा अंधार गेला. खड्डे एकेक करून बुजले. जोग सर उठून उभे राहिले, मान खाली, हात जोडून. उरलं एकच वाक्य, 'आम्ही या प्रकाराचा तीव्र निषेध करतो.'

पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. सरांनी तेवढंच मोठ्या टायपात छापलं. कोणता प्रकार, कुणाचा, काही नाही!

मी इतकी वर्षं पुराव्यांसकट लिहितोय, एकाही खात्याने कधी खुलासा पाठवला नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या खात्यांचे आले!

* * *

शेवटच्या किश्शाआधी दादासाहेबांबद्दल सांगायला हवं. त्यांची रास मकर. सकाळी स्वतःचं वर्तमानपत्र उघडायचं, पहिलं पान टाकून थेट भविष्य, त्यातही फक्त मकर. त्यात लिहिलं असेल तसा दिवस काढायचा. बातम्या ते वाचत नाहीत. मी त्यांना तोंडावर म्हटलंय. ते म्हणाले, "बातम्या काल झालेल्या असतात हो नाना!"

भविष्य लिहितात चौलचे गुरुजी. नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडीत झोपाळा आहे, झोपाळ्यावर बसून ते एकेका राशीचा व्हॉइस मेसेज पाठवतात. निर्मलाताई ऐकून टाईप करतात.

एकदा गुरुजी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेले आणि तिकडेच नातेवाइकांकडे रमले. मेसेज बंद. जोग सरांनी शेवटचं भविष्य होतं तेच रोज पुढे चालवलं. मकरेला होतं, 'प्रवास टाळा. बोलण्यावर संयम ठेवा.'

दादासाहेब घराबाहेर पडले नाहीत. फोनवर कुणावर ओरडले नाहीत. आम्हाला तर एकही फोन नाही!

गुरुजी परत आल्यावर जोग सरांनी विचारलं, "पुढच्या वर्षी जरा लांबची यात्रा करणार का?"

* * *

तर यंदा तो निरोप आला आणि पाठोपाठ सबनीस आला. मुख्य कार्यालयाने नेमलेला सल्लागार. कडक इस्त्री, हातात टॅब. दुपारची वेळ होती. निर्मलाताई उद्याचं भविष्य टाईप करत होत्या. धनु संपली होती. मकरेचा मेसेज आला नव्हता. चौलला मोबाईलची रेंज गेली होती.

सबनीस म्हणाला, "मी फक्त यंत्राचा वेग तपासणार. उद्या सकाळी दादासाहेब कार्यालय बंद करायच्या कागदावर सही करतील."

"म्हणजे तपासायच्या आधीच ठरलंय?" मी विचारलं.

"प्रोसिजर असते, सर."

"आमच्याकडे आधी गुन्हा होतो, मग फाशी," मी म्हणालो. "तुमच्याकडे उलटं दिसतंय."

निर्मलाताई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत हे खालच्या रिक्षावाल्यालाही जाणवलं असावं. त्याने वर बघितलं. त्यांनी खुर्ची सोडली. सबनीस बसला. त्याने भविष्याच्या विंडोशेजारी एक नवी, चांगली ऐसपैस विंडो उघडली. कोपर टेबलावर टेकलं, टॅब माऊसला खेटून सरकवला.

"काहीही सांगा सर, मी टाईप करतो. किती वेळात दिसतं ते बघू."

मला तेवढंच हवं होतं! मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि शाळेत शुद्धलेखन घालतात तसं सांगायला लागलो.

"बाहेरून आलेल्या शहाण्याचं ऐकू नका."

तो हसला. टाईप केलं. दहाही बोटांनी, फाडफाड.

"चालतं काम मोडू नका. जुनी माणसं दूर कराल तर पस्तावाल. जिथलं तिथेच राहू द्या."

"झालं?" त्याने विचारलं.

"कागदावर सही करण्याआधी शंभरदा विचार करा," मी म्हणालो. "आता झालं."

तो मागे रेलला. आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत राहिलो. त्याची विंडो कोरी. स्वच्छ कोरी.

निर्मलाताई म्हणाल्या, "माऊस कुठं हाय?"

"मॅडम, प्लीज. मला शिकवू नका."

"बरं," निर्मलाताई म्हणाल्या आणि पदर खोचून बाजूला झाल्या.

सबनीसने अजून थोडी वाट बघितली. मग टॅबवर काहीतरी टिपलं. "एक अक्षर दिसलं नाही! एक! मला वाटलं होतं त्याहून वाईट आहे." आपली कोरी विंडो बंद केली आणि गाडीत बसून निघून गेला.

यंत्रावर निर्मलाताईंनी एक छोटा गणपती चिकटवला होता. त्याच्या कडेखाली त्या नख घालत होत्या. फार वर्षांचा चिकटलेला, निघेना. मग त्यांनी तो सोडून दिला, खुर्चीत बसल्या आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

जोग सरांनी घड्याळ बघितलं. "पान सोडायला हवं. मकरेचं आलं का?"

"आलं," निर्मलाताई म्हणाल्या.

त्यांनी पान सोडलं.

सकाळी दादासाहेबांचा फोन आला. माझ्यासाठी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक होता.

"नाना, तो कागद मी फाडला. तिथलं काही हलवायचं नाही. यंत्रं नाही, माणसं नाही, निर्मलाबाईंची खुर्चीसुद्धा नाही. आणि गुरुजींचा सत्कार करा. शाल, श्रीफळ, सगळं. सबनीसला पाठवतोय. त्याच्याच हस्ते करा."

योगायोगाने गुरुजी आधीच कार्यालयात येऊन बसले होते. हातात वाडीतली केळी. काल रेंज नसल्यामुळे मकर रास पाठवायची राहिली, त्याची माफी मागायला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात निर्मलाताईंनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला.

"गुरुजी, आधी चहा. बोलू नका, गरम हाय."

सबनीस आला. चेहरा कालच्या विंडोसारखा. त्याने गुरुजींच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. ज्या माणसाची स्वतःची नारळाची वाडी आहे त्याला! आम्ही टाळ्या वाजवल्या. जोग सर म्हणाले, "गुरुजी, दोन शब्द बोला."

गुरुजींनी शालीकडे बघितलं. सबनीसकडे बघितलं. समोर उघडलेल्या अंकात आपलं नाव आणि त्याखालची मकर रास शांतपणे वाचून काढली. मग शाल नीट सारखी केली, घसा खाकरला आणि म्हणाले,

"मला काल दुपारीच दिसलं होतं. अक्षर न् अक्षर!"